बावीस पौंडांचं पिंप

लॅव्हर्न झास्ट्रो छत्तीस वर्षं भांड्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. ॲल्युमिनियमची पातेली पट्ट्यावरून सरकत यायची. त्यातलं दर पन्नासावं उचलायचं, काठोकाठ पाण्यानं भरायचं, आणि ते पाणी मापात ओतून बघायचं की पातेल्यावर ठोकलेला आकडा खरा आहे की नाही. एवढंच काम. पण त्यानं ते इतकं मनापासून केलं की ते त्याच्या अंगातच मुरलं. त्याच्या घरी कॉफी प्यायला गेलं की कप हातात देण्याआधी तो कपात डोकावून बघतो, भरलाय तेवढाच भरायला हवा होता का म्हणून.

मी त्याचा शेजारी, रॉली. मिशिगन सरोवराकाठच्या आमच्या गावात एकतीस वर्षं टपाल वाटलं, त्यामुळे कोणाच्या घरात कशाची काळजी चालते हे मला पाकिटावरून कळायचं. लॅव्हर्नच्या घरी पाकिटाची गरज नव्हती. तो कायमच काळजीत. रविवारी चर्चला चाळीस मिनिटं आधी पोचायचं, कारण वाटेत रेल्वेचं फाटक लागतं. त्या फाटकातून गेल्या बारा वर्षांत एकही गाडी गेलेली नाही. तासाभराच्या प्रवासाला निघताना गाडीत दोन ब्लँकेट, बॅटरी, पाण्याचे कॅन आणि फावडं. जुलैतसुद्धा फावडं. मी एकदा विचारलं, "लेका, जुलैत बर्फ पडेल होय?" तर म्हणाला, "पडणार नाही. पण फावडं काढून ठेवलं आणि परत ठेवायचं राहिलं तर?"

अशा माणसानं बिअर करू नये. बिअरला धीर लागतो. पण आमच्या गावात निम्मे लोक गॅरेजमध्ये बिअर करतात, आणि लॅव्हर्न गेली चाळीस वर्षं महिन्यातून एकदा करतो. तयार पाकाचे डबे वापरून नव्हे, दाण्यापासून. माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेली बार्ली, ती भरडायची, गरम पाण्यात तासभर मुरवायची, मग खालच्या तोटीतून गोड रस काढून उकळायचा. मुरवण्यासाठी त्याच्याकडे पाच गॅलनचं नारिंगी पिंप होतं. फुटबॉलच्या मैदानावर खेळाडूंना थंड पाणी द्यायला ठेवतात तसलं, जाड भिंतींचं. थंड राखतं तसंच गरमही राखतं. त्यात बारा पौंड माल्ट बसायचं, आणि त्याची नेहमीची बिअर बारा पौंडांचीच होती. सगळं सुखरूप चाललं होतं.

यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या मुलीला, क्रिस्टाला, मुलगी झाली. नाव इडा. लॅव्हर्नची पहिली नात, आणि क्रिस्टाचं वय बघता बहुधा शेवटचीही. फोन आला तेव्हा मी कुंपणापाशीच होतो. तो बाहेर आला, डोळे भरलेले, मला म्हणाला, "मुलगी झाली. सात पौंड दोन औंस." आणि पुढच्याच वाक्याला, "रॉली, मोठं पिंप लागणार."

आमच्याकडे बिअर करणाऱ्यांच्या घरात मूल जन्मलं की त्याच्या नावाची एक कडक बिअर घालतात. बाप्तिस्म्याच्या आधी घालायची, बाटल्या तळघरात ठेवायच्या, आणि मूल एकवीस वर्षांचं झालं, कायद्यानं पिऊ शकलं, की त्याच्याच हातानं पहिली उघडायची. त्याआधी कोणी हात लावायचा नाही. एवढी वर्षं टिकायची तर बिअर तशीच दणकट हवी, आणि त्याला बावीस पौंड माल्ट लागतं. तोटीतून पहिला दाट रस निघतो तो मुलाचा. मग त्याच दाण्यांवर पुन्हा गरम पाणी घातलं की जो पातळ रस निघतो, त्याची हलकी बिअर करून बाप्तिस्म्याच्या जेवणाला मोठ्यांना वाढतात. जे एकवीस वर्षांनी असतील-नसतील त्यांच्यासाठी.

क्रिस्टा झाली तेव्हा, १९८५ साली, लॅव्हर्ननं तिचीही घातली होती. त्याच पाच गॅलनच्या पिंपात. पाच गॅलन बिअर करायची तर पाच गॅलनचं पिंप पुरे, असा त्याचा सरळ समज. तेरा पौंडांवर ते ओसंडलं. गरम लगदा गॅरेजभर झाला, आणि उरलेले नऊ पौंड घालायला जागाच नव्हती. घाबरून त्यानं तेवढ्या ताकदीची साखर ओतली. साखरेनं कडकपणा येतो, पण तोंडात भरणारा दाटपणा येत नाही. २००६ साली क्रिस्टाच्या वाढदिवसाला बाटली उघडली तेव्हा मी तिथं होतो. पातळ, आंबूस, सफरचंदाचा रस उतरल्यासारखी. सगळ्यांनी "वा" म्हटलं. लॅव्हर्ननं एक घोट घेतला, स्वयंपाकघरात गेला, आणि मला पाण्याचा नळ ऐकू आला. ग्लास सिंकमध्ये रिकामा करून तो परत आला आणि हसून बसला. पेटीतल्या बाकीच्या बाटल्या रिवाजाप्रमाणे क्रिस्टा घेऊन गेली. त्यांचं काय झालं ते त्यानं कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. आमच्या गावात असल्या गोष्टी बोलत नाहीत. बोलावंसं वाटलं की लोक उठून गवत कापतात.

त्या वर्षी लॅव्हर्नचं गवत फार नीट कापलेलं होतं.

तर आता इडा. बाप्तिस्मा जूनच्या पहिल्या रविवारी. हलकी बिअर तोवर प्यायला यायची तर एप्रिलअखेर पिंप लागायलाच हवं. आणि लॅव्हर्न त्र्याहत्तरचा. मी त्याला म्हटलं, "दहा गॅलनचं घे आणि मोकळा हो. सगळे तेच घेतात."

"सगळे घेतात म्हणून मावेल असं थोडंच आहे?"

"मग जुन्यातच दोनदा मुरव. अकरा अकरा पौंड."

"दोनदा म्हणजे दोनदा चुकायची सोय."

"मग माझं दहाचं घे, बाबा. गॅरेजात पडलंय."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी माझी कवळी वापरायला दिली होती. "दुसऱ्याच्या पिंपात नातीची बिअर?"

मी तो विषय सोडला. रागही आला. पण त्याचा उजवा हात मला दिसत होता. हिवाळ्यापासून तो थोडा थरथरतो. कप धरला की कॉफीवर बारीक लाटा उठतात. त्यावर आम्ही दोघंही बोलत नव्हतो. माझंही गवत त्या काळात बरं होतं.

शनिवारी त्याला घेऊन जनीनच्या बिअर-सामानाच्या दुकानात गेलो. जनीन चाळिशीची आहे, बापाकडून दुकान आलं, माल्ट भरडता भरडता केसांवर पीठ बसलेलं असतं. लॅव्हर्ननं वही काढली. पाच, दहा, पंधरा, साडेसतरा. प्रत्येक पिंपाखाली फायदे-तोटे, आणि तोट्यांची रांग प्रत्येक वेळी लांब.

"जनीन, साडेसतराचं घेतलं तर कसं? चौकोनी. म्हणजे मावण्याची चिंताच नको."

"मावेल हो. पण पसरेल. उथळ थर झाला की ऊब टिकत नाही. आणि वर एवढी मोकळी हवा. एप्रिलात तुमच्या गॅरेजमध्ये ते तासात गार पडेल."

लॅव्हर्ननं लगेच तोट्यांत एक ओळ वाढवली. "मग दहा?"

"बावीस पौंडांना दहा बरोबर आहे. पण मी गिऱ्हाइकांना एकच सांगते. वर्षातून एकदा करता त्यावरून पिंप घेऊ नका, दर महिन्याला करता त्यावरून घ्या. दहाच्यात तुमचे बारा पौंड म्हणजे निम्मं रिकामं. चालेल, पण जुनं टाकू नका. यानंतर काय काय करायचा विचार आहे?"

साधाच प्रश्न होता. पण लॅव्हर्नचं पेन थांबलं. त्यानं हात खिशात घातला. "यानंतरचं काही... बघू," तो म्हणाला, आणि वही मिटली. आम्ही काही न घेता बाहेर पडलो.

गाडीत बसल्यावर त्यानं आधी पट्टा दोनदा तपासला. मग म्हणाला, "क्रिस्टाची बिघडली तेव्हा मला कळलं तरी. ही उघडतील तेव्हा मी चौऱ्याण्णव वर्षांचा असेन, रॉली. मी असणार नाही. बरी झाली की वाईट, मला कधीच कळणार नाही. मला आत्ताच कळायला हवं."

"आत्ता कसं कळेल?"

"पिंप बरोबर घेतलं तर निम्मं तरी कळेल ना."

मी रेडिओ लावला.

पुढच्या आठवड्यात त्याच्या अंगणात मला तो प्रयोग बघावा लागला. माझं पिंप अखेर त्यानं मागून नेलं, फक्त मापायला. बावीस पौंड भरडलेलं माल्ट मापानं भरलं: साडेपाच गॅलन. लागणारं पाणी मापलं: सात. बेरीज साडेबारा. मग माझ्या दहा गॅलनच्या पिंपासमोर उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"बघितलंस? अडीच गॅलन जमिनीवर. पुन्हा तेच."

"लॅव्हर्न, अरे वेड्या, माझ्याच पिंपात मी दोन वर्षांमागं बावीस पौंड मुरवलेत!"

"मोजले होतेस?"

"पुतण्याच्या मुलाची बिअर होती, मोजणार नाही तर काय! आणि तुझ्या पाचाच्या पिंपाचं काय? दर महिन्याला बारा पौंड आणि पावणेचार गॅलन पाणी घालतोस. या तुझ्या बेरजेनं तेही मावायला नको."

तो विचारात पडला. मला वाटलं, जिंकलो. तर म्हणाला, "ते मी कधी असं मोजलं नव्हतं. म्हणून मावत असेल."

अशा माणसाला काय म्हणायचं? मी त्याच्या बायकोला हाक मारली. मर्लिस आतून सगळं ऐकत होतीच. तिच्या हातात काचेची बरणी होती, ओटनं गच्च भरलेली, आणि दुधाचा डबा. ती पायऱ्या उतरून आली, बरणी पिंपाच्या झाकणावर ठेवली.

"ही भरलीय का?"

"भरलीय," लॅव्हर्न म्हणाला.

"काठापर्यंत?"

"काठापर्यंत."

ती दूध ओतू लागली. दूध ओटमधून खाली गेलं, तळाला पोचलं, हळूहळू वर चढलं. निम्म्या बरणीएवढं दूध आत गेलं आणि थेंबही बाहेर आला नाही. दाण्यांमधून बुडबुडे तेवढे वर येत होते.

"तुझ्या साडेपाच गॅलनात निम्मी हवाच आहे," मर्लिस म्हणाली. "छत्तीस वर्षं भांडी मोजलीस, पण त्यात काही शिजतं ते कधी बघितलंस का? मी रोज सकाळी तुझ्यासमोर हे करते."

लॅव्हर्न वाकून बरणीकडे बघत राहिला. काठावरून डोळा लावून, कारखान्यात बघायचा तसा. मग एकदम हसला, आणि मग पुन्हा घाबरला. "पण माल्ट ओटसारखंच वागेल कशावरून?"

"जा आणि दहाचं घेऊन ये," मर्लिस म्हणाली. "नाहीतर मी बाप्तिस्म्याला लेमोनेड ठेवीन."

तो गेला आणि दहाचं घेऊन आला.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी क्रिस्टा इडाला घेऊन ॲपल्टनच्या तिच्या घरून आली. सरोवरावरून गार वारा येत होता, पण गॅरेजचं दार वर केलेलं, कारण गॅसच्या शेगडीचा धूर कोंडेल ही एक वेगळी काळजी. नवं पिंप भक्कम टेबलावर, भोवती ऊब टिकावी म्हणून दोन स्लीपिंग बॅगा गुंडाळलेल्या. खाली जमिनीवर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर तीन रिकाम्या बादल्या, ओसंडलं तर. खरं सांगायचं तर त्याचं बघून बघून मलाही धाकधूक वाटायला लागली होती.

सात गॅलन गरम पाणी पिंपात गेलं. मग मी माल्ट ओतायचं आणि लॅव्हर्ननं लांब लाकडी पळीनं ढवळायचं. त्याचा हात थरथरत होता, पण पळी दोन्ही हातांनी धरली की तेवढं जाणवत नव्हतं. पाच पौंड. दहा. पातळी चढत होती. तेराला तो थांबला. मला ठाऊक होतं तेराला का थांबला ते. त्याच्या बुटाच्या पुढे सिमेंटवर अजून एक फिकट डाग आहे, एकोणचाळीस वर्षं घासूनही न गेलेला.

"घाल," तो म्हणाला.

सोळा. अठरा. वीस. लगदा दाट झाला, वाफ तोंडावर येत होती, भाजलेल्या पावासारखा वास. एकवीसला काठाला चार बोटं उरली. शेवटचा पौंड मी हळूहळू सोडला आणि शेवटची मूठ, रिवाजाप्रमाणे, बाळाच्या आईनं टाकायला ठेवली. क्रिस्टानं इडाला मर्लिसच्या हातात दिलं, मूठ घेतली आणि टाकली.

तीन बोटं उरली. लॅव्हर्ननं स्वतःची बोटं आडवी लावून बघितली, मग माझी लावून बघितली. थर्मामीटर एकशे बावन्न फॅरनहाइटवर. जिथं हवा तिथं. त्यानं झाकण लावलं आणि उलट्या बादलीवर मटकन बसला.

"आता तासभर," तो म्हणाला. मग क्रिस्टाकडे न बघता, झाकणाकडे बघत, "ही नीट होईल. तुझ्यासारखी नाही होणार."

"माझ्यासारखी म्हणजे?"

"तुझी बिअर. पिंप लहान पडलं. मी साखर घातली. वाटोळं केलं मी तिचं." एवढं बोलायला त्याला एकोणचाळीस वर्षं लागली, आणि ते बोलताना तो डाव्या हातानं उजवा दाबून धरून बसला होता. "तू काही बोलली नाहीस, तो तुझा चांगुलपणा. फेकून दिल्यास ना बाटल्या? मला राग नाही. तुझ्या जागी मी असतो तर फेकल्या असत्या."

क्रिस्टा त्याच्याकडे बघतच राहिली. "फेकल्या? बाबा, मी प्यायले त्या. दर वाढदिवसाला एक. दोनच उरल्यात."

"का?"

"का म्हणजे? माझी होती ना." ती गोंधळली होती, खरंच. "ती बिघडलेली होती हे मला माहीतच नाही. जन्माची बिअर मी दुसरी कुठली प्यायलेय? मला वाटलं, ती अशीच लागते."

इडा मर्लिसच्या खांद्यावर हुंकारली. मग क्रिस्टानं पिंपाच्या झाकणावर हात ठेवला, अगदी हळू, आणि विचारलं, "म्हणजे इडाची तशी नाही लागणार?"

लॅव्हर्नच्या चेहऱ्यावर मी आयुष्यभर काळजी बघितली आहे. पण त्या क्षणी जे दिसलं ते मला ओळखता आलं नाही. त्यानं पिंपाकडे बघितलं, तीन बोटांची जागा राखून नेमक्या भरलेल्या त्या पिंपाकडे, आणि मग क्रिस्टाकडे. मला वाटलं, झालं, आता माणूस नव्यानं खचतो.

तास संपला. दाट रस तोटीतून निघाला, काळसर मधासारखा, आणि मोठ्या पातेल्यात गेला. तो इडाचा. त्याला त्यानं काही केलं नाही. एक थेंब इकडचा तिकडे नाही. मग दाण्यांवर पुन्हा गरम पाणी घातलं, पातळ रस निघाला, तो बाप्तिस्म्याच्या जेवणाचा. तो दुसऱ्या शेगडीवर उकळी धरू लागला तेव्हा लॅव्हर्न आत गेला आणि मर्लिसचा साखरेचा डबा घेऊन आला.

क्रिस्टा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, इडा तिच्या कुशीत.

"तेव्हा किती घातली होतीस?" मी विचारलं. सवयीनं मी मापाचा कप पुढे केला होता. तो त्याचाच कप, कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेला, आतून रेघांचा.

त्यानं कप माझ्या हातून घेतला आणि टेबलावर उपडा ठेवला.

"आठवत नाही," तो म्हणाला. "घाबरलो होतो."

आणि थरथरत्या हातानं डबा तिरपा करून त्यानं साखर तशीच ओतली, क्रिस्टा "बस" म्हणेपर्यंत.